इगर्जीचा इतिहास : भिंतींच्या आतला आणि बाहेरचा

धर्मग्रामांच्या शताब्दी-द्विशताब्दीच्या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिका हा मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील एक उपेक्षित प्रकार होय. समीक्षकांनी त्यांकडे कधी वळून पाहिले नाही. खेडोपाडीच्या आपल्या जुन्या इगर्जींचा इतिहास मात्र बहुधा तेवढाच छापला गेला आहे. म्हणून या प्रकाराचे गुणदोष मोकळेपणाने तपासणे आम्हांस अगत्याचे वाटते.

गुण प्रथम सांगू. पायाभरणीची तारीख, धर्मगुरूंची क्रमवार नावे, वेदीची दुरुस्ती हा तपशील या स्मरणिकांनी श्रद्धेने जपला. दोष एवढाच, की त्यांचा इतिहास कुंपणाच्या आत सुरू होतो आणि तेथेच संपतो. देणगीदारांची यादी पानभर असते. चुना कोणी मळला, लाकूड कोणी घडविले, शेजारच्या वाडीने काय दिले, याविषयी एक ओळ नसते.

या संकोचाने काय हरवते, ते पुण्याच्याच उदाहरणाने पाहू. आम्ही हे लिहीत आहोत ती नारायण पेठ नारायणराव पेशव्यांच्या नावाची. १७७३ साली त्यांचा खून झाला. त्यांच्या पश्चात जन्मलेल्या पुत्राने, सवाई माधवरावांनी, लष्करातील ख्रिस्ती लोकांच्या उपासनेसाठी जागा दिली आणि १७९२ साली आज नाना पेठेत असलेले शहरातील पहिले चर्च उभे राहिले. त्या वेळी राज्याचा कारभार नाना फडणीस पाहत होते. वसई चिमाजी अप्पांनी जिंकली १७३९ साली. म्हणजे मधे अवघी त्रेपन्न वर्षे गेली होती.

याच नानांच्या मेणवलीच्या घाटावर, वाईजवळ, १७०७ साली ओतलेली एक पोर्तुगीज घंटा आहे. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर १७२१ हे साल आहे. या घंटा वसईच्या स्वारीतील लूट म्हणून ओळखल्या जातात. एकाच कारभाऱ्याच्या नावाशी एकीकडे इगर्जीतून आलेली घंटा जोडलेली आहे, दुसरीकडे इगर्जीला मिळालेली जागा. यांतील एकच गोष्ट सांगणारा लेखक गाऱ्हाणे लिहील किंवा स्तुतिपाठ; इतिहास लिहावयाचा तर दोन्ही सांगाव्या लागतील. पोर्तुगीज अमदानीत मोडलेल्या देवळांचीही नोंद त्याच पानावर करावी लागेल. तिच्यावाचून आमची तक्रार प्रामाणिक ठरणार नाही.

भाषेची साक्ष तर याहून जवळची आहे. इगर्ज, पाद्री, फेस्त, नाताळ हे शब्द पोर्तुगीजांकडून आले आणि आपल्या बोलींत मुरले. फादर स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. त्यांनी ख्रिस्ताची कथा ओवीत गायिली आणि १६१६ साली ती राशोल येथे छापली गेली. वास्तूच्या भिंती परक्या घाटाच्या असतील, पण त्यांत घुमलेली वाणी येथलीच होती. आमच्या स्मरणिका दर्शनी भागाची उंची मोजतात. त्या वास्तूत कोणत्या बोलीत प्रार्थना झाल्या, हे क्वचितच विचारतात.

स्कॉटलंडच्या ग्रामीण भागात उपासक घटल्याने अनेक जुनी चर्चे विक्रीस निघाली आहेत. कोठे कोठे गावकरी एकत्र येऊन ती विकत घेतात. त्यांतले सगळे भाविक असतात असे नाही. आपल्या पूर्वजांची थडगी त्या अंगणात आहेत, एवढेच त्यांना पुरते. आमची संकटे निराळी आहेत. येथे माणसे भरपूर आहेत, म्हणून जुनी इगर्ज अपुरी पडते आणि नवीसाठी पाडली जाते. ती पाडताना हळहळणारा शेजारी हवा असेल, तर ती त्याचीही आहे हे आधी लिहून ठेवले पाहिजे.

म्हणून पुढील स्मरणिकेच्या संपादकांस आमची विनंती आहे. शुभसंदेशांची चार पाने कमी करा. त्या जागी गावातल्या एखाद्या वृद्ध गवंड्याची आणि शेजारच्या देवळाच्या पुजाऱ्याची आठवण छापा.