गिरणगावचा भ्रमनिरास : सुर्वे, ढसाळ आणि जयंत पवार

भ्रमनिरास होण्यासाठी आधी भ्रम असावा लागतो आणि भ्रमासाठी कुणीतरी काही वचन दिलेले असावे लागते. स्वातंत्र्योत्तर मराठी साहित्यातील लोकशाही व भांडवलशाहीविषयीच्या निराशेचा विचार करताना ही साधी गोष्ट बहुधा विसरली जाते आणि सर्वच विद्रोही लेखन 'मोहभंगाचे साहित्य' या एकाच नावाखाली जमा केले जाते. मुंबईच्या गिरणगावाशी निगडित असलेले तीन लेखक शेजारी ठेवून पाहिले, तर या नावाच्या मर्यादा स्पष्ट होतात.

मुंबईत कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि पुढील शंभर वर्षांत लालबाग, परळ, वरळी या परिसरात कोकणातून व घाटावरून आलेल्या कामगारांचे एक स्वतंत्र जग उभे राहिले. चाळ, खाणावळ, भजनी मंडळ, तमाशा, कामगार रंगभूमी आणि युनियनची कचेरी ही या जगाची सांस्कृतिक संस्थाने होती. नारायण सुर्वे यांची कविता याच जगातून आली. गिरणी कामगाराने वाढवलेल्या या अनाथ मुलाच्या 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) आणि 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहांत दारिद्र्य आहे, अपमान आहे, परंतु पराभव नाही. तिथे रस्ता हीच शाळा होते आणि मार्क्सची गाठ संपाच्या गर्दीत पडते. सुर्व्यांचा कामगार व्यवस्थेवर रागावतो, कारण ती आपल्या हातांवर उभी आहे हे तो जाणतो. हातांची गरज संपणार नाही, हा त्या कवितेचा न उच्चारलेला आधार आहे.

नामदेव ढसाळ यांच्या 'गोलपिठा'त (१९७२) हा आधारच नाही. तिथला माणूस कामगार म्हणूनही मोजला गेलेला नाही, तो संघटित श्रमाच्या वर्तुळाबाहेर आहे. गिरणीतही सर्व विभाग सर्वांना खुले नव्हते. धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून विटाळाच्या भीतीने दलित कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नसे आणि तिथली अधिक मजुरीही त्यांच्या वाट्याला येत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत इशारा दिला होता की, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता असा विसंवाद घेऊन हा देश प्रजासत्ताकात प्रवेश करीत आहे. 'गोलपिठा' ही त्या विसंवादाच्या तळातून आलेली कविता आहे. तिला मोहभंगाची कविता म्हणणे म्हणूनच अपुरे ठरते. जिथे वचनच पोहोचले नाही तिथे ते मोडल्याचे दुःख नसते. तिथे प्रश्न असतो तो मुळात वचन कुणाला दिले होते, हा. ढसाळांची मोडतोड केलेली भाषा हा प्रश्न सभ्य मराठीच्या दारात आणून ठेवते.

खऱ्या अर्थाने मोहभंग घडला तो १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर. सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. या संपाची मागणी केवळ पगाराची नव्हती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यान्वये वाटाघाटींचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला होता आणि बहुसंख्य कामगारांना ती संघटना आपली वाटत नव्हती. आपला प्रतिनिधी आपण निवडावा, ही लोकशाहीतील पहिली मागणी गिरणीच्या फाटकाशी अडली. १९८४ साली याच मतदारांनी सामंतांना लोकसभेवर पाठविले. मताला संसदेत किंमत होती, साच्यावर नव्हती. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही. तो नुसता विरून गेला.

जयंत पवार यांचे 'अधांतर' (१९९७) हे नाटक या विरण्याचे आहे. चाळीतल्या एका खोलीत आई आणि तिची मोठी झालेली मुले आहेत. एकाला साहित्याचे वेड, दुसऱ्याला क्रिकेटचे, तिसरा टोळीच्या वाटेला लागलेला. या तिघांच्या आकांक्षा वेगळ्या दिसल्या तरी त्यांत एक साम्य आहे : कुणाच्याही स्वप्नात आता श्रम नाही. बापाच्या पिढीला कामाने ओळख दिली होती. मुलांना ती प्रसिद्धीतून किंवा दहशतीतून मिळवायची आहे. उपभोगाची संस्कृती दुकानांतून येते, पण त्याआधी ती अशा रिकाम्या झालेल्या मनात जागा करते, हे पवारांनी उपदेशाचा एकही शब्द न वापरता दाखविले आहे.

पुढे गिरण्यांच्या जमिनींचे एक तृतीयांश वाटप ठरविणारा १९९१ चा नियम २००१ मध्ये बदलून केवळ मोकळ्या जागेपुरता मर्यादित झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो बदल ग्राह्य मानला. चिमण्यांच्या जागी मनोरे व मॉल आले. 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या पवारांच्या कथासंग्रहाला २०१२ चा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला. त्याच्या शीर्षकातील फिनिक्स हा शब्द गिरणगावच्या वाचकाला आधी पक्षी नव्हे, गिरणी आठवून देतो. राखेतून तोच पक्षी उठायला हवा होता. उठला तो पिसारा मिरविणारा दुसराच. नगराच्या कायापालटावरील याहून नेमके भाष्य मराठीत क्वचितच सापडेल.

या परंपरेला एक धोकाही आहे. गिरणीसुद्धा भांडवलशाहीचीच निर्मिती होती. तिथे शोषण होते, जातीची भिंत होती आणि स्त्रियांना तिने संपाच्या कितीतरी आधीपासून बाहेर ढकलले होते. गिरणगावासाठी केलेला शोक हा एका भांडवलशाहीला कंटाळून तिच्या आधीच्या रूपासाठी केलेला शोक ठरू शकतो, आणि असा हळवा शोक बाजारालाही विकता येतो. जुन्या चिमणीचे चित्र मॉलच्या उपाहारगृहाची भिंत सजवू शकते. म्हणूनच सुर्वे आणि पवार यांच्यामध्ये ढसाळांना ठेवून वाचणे अगत्याचे ठरते. सुर्व्यांची कविता काय मिळवायचे होते ते सांगते, पवारांचे नाटक काय हरवले ते सांगते, आणि ज्यांच्यापाशी हरवण्याजोगे काही येऊच दिले नाही, त्यांच्या बाजूने 'गोलपिठा' या दोघांचाही हिशेब तपासते. या तिसऱ्या साक्षीवाचून लोकशाहीविषयीची निराशा ही सुखवस्तूंची एक मनःस्थिती होऊन राहते. तिच्यासह मात्र ती नागरिकाची मागणी होते.