पळी आणि अधिकार : सिगालोवाद सुत्तातील एका शब्दाची चिकित्सा

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्ताला आचार्य बुद्धघोषांनी अट्ठकथेत ‘गिहिविनय’, म्हणजे गृहस्थांचा विनय, असे म्हटले आहे. महाराष्ट्रातील बौद्ध उपासकांना या सुत्ताचा परिचय बहुधा विवाहमंडपात होतो. कारण वधूवरांकडून वदवून घेतल्या जाणाऱ्या प्रतिज्ञा याच सुत्तावर आधारलेल्या आहेत. मंडप नागपुरातला असो की यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगावचा, प्रतिज्ञा त्याच असतात. परंतु या प्रतिज्ञांतील एका शब्दाचा मूळ अर्थ कालौघात आक्रसत गेला आहे, असे आमचे मत आहे. पत्नीकडून समाजाने कोणत्या काळी काय अपेक्षिले, याचा इतिहासच त्या शब्दात साठलेला आहे.

राजगृहातील गृहपतिपुत्र सिगालाला भगवंतांनी सहा दिशांचा अर्थ सांगितला. त्यात पत्नी ही पश्चिम दिशा होय. पतीची पाच कर्तव्ये आधी येतात : सम्मानना, अनवमानना, अनतिचरिया, इस्सरियवोस्सग्ग आणि अलंकारानुप्पदान. पत्नीची पाच त्यानंतर येतात : कामांची नीट व्यवस्था, परिजनांचा संग्रह, एकनिष्ठा, मिळविलेल्या धनाचे रक्षण आणि सर्व कामांत दक्षता. एकनिष्ठेचे बंधन दोघांवर सारखे आहे. दुसरे असे की, पत्नीच्या पाच कर्तव्यांत आज्ञापालनाचा उल्लेखही नाही. ज्या काळी पतीची आज्ञा हाच स्त्रीचा धर्म मानला जाई, त्या काळाच्या पार्श्वभूमीवर हे मौन बोलके आहे.

आता चौथ्या कर्तव्याकडे वळू. पालीतील ‘इस्सर’ म्हणजे स्वामी, अधिपती. ‘इस्सरिय’ म्हणजे स्वामित्व, सत्ता. याचेच संस्कृत रूप ‘ऐश्वर्य’. मात्र मराठीत ऐश्वर्य म्हटले की वैभव, धनदौलत एवढाच अर्थ मनात येतो. त्यामुळे पत्नीला धन देऊन संतुष्ट ठेवावे, असा या कर्तव्याचा अर्थ सहज लावला जातो. तो ग्राह्य नाही. दागिने देण्याचे कर्तव्य पाचवे म्हणून स्वतंत्र सांगितलेले असताना चौथ्यातही तीच गोष्ट सांगण्याचे कारण काय? ‘वोस्सग्ग’ म्हणजे सोडून देणे, त्याग. सात बोज्झंगांच्या भावनेचे वर्णन करताना विवेक, विराग आणि निरोध यांच्या पाठोपाठ हाच शब्द येतो. तेव्हा पतीने आपल्या हातची सत्ता सोडावी आणि ती पत्नीकडे सोपवावी, हा या कर्तव्याचा सरळ अर्थ आहे.

अट्ठकथेत मात्र या अधिकाराला चूल भेटते. विशाखेच्या महालता अलंकारासारखे मौल्यवान आभूषण मिळाले, तरी जेवणाची व्यवस्था पाहण्याची मुभा नसेल तर स्त्रिया रुष्ट होतात, असे अट्ठकथाकार म्हणतात. म्हणून पळी तिच्या हाती द्यावी, तुझ्या मर्जीप्रमाणे कर असे सांगावे. स्वयंपाकघर सोपविले की सर्व सत्ता सोपविली असे होते. बुद्धघोषांनी पाचव्या शतकात, सिंहली परंपरेच्या आधारे, हे लिहिले. त्यांच्या विद्वत्तेविषयी आम्हांस नितांत आदर आहे. परंतु हा अर्थ सुत्ताने सांगितलेला नसून अट्ठकथेच्या काळाने सुत्तात पाहिलेला आहे. सुत्तात सत्तेला मर्यादा नाही. अट्ठकथेत ती स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापाशी थांबते.

येथे एक आक्षेप संभवतो. अंगुत्तरनिकायात अनाथपिण्डिकाची सून सुजाता हिला भगवंतांनी सात प्रकारच्या भार्या सांगितल्या आणि तिने आजपासून मला दासीसम भार्या समजावे, असे म्हटले. मग परंपरेचा आदर्श दासीच नव्हे काय? याचे उत्तर सुत्तातच आहे. मातृसम, भगिनीसम, सखीसम आणि दासीसम या चारही भार्यांना सुगती सांगितली आहे. दासीसम होणे ही सुजातेची निवड होती. तिच्या शब्दांवर सुत्त संपते. ती निवड सर्व स्त्रियांनी करावी, असे भगवंतांचे वचन तेथे नाही. शिवाय त्याच निकायातील संवास सुत्तात पतीलाही तोच मापदंड लावला आहे. पंचशील मोडणारा नवरा तेथे ‘छव’, म्हणजे प्रेतवत ठरतो, मग पत्नी कितीही शीलवती असो. सुजातेची कथा सांगताना संवास सुत्त वगळणे हा अर्धा उपदेश होय.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या चारांपैकी कोणते नाते निवडले, हे आपणांस ठाऊक आहे. २० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या दलित महिला परिषदेत त्यांनी सांगितले की, लग्न झालेल्या मुलीने पतीची मैत्रीण आणि समान म्हणून उभे राहावे, त्याची दासी होण्याचे नाकारावे. धम्मदीक्षेच्या चौदा वर्षे आधीचे हे विचार आहेत. सखी आणि दासी या दोन शब्दांतील अंतर त्यांनी नेमके ओळखले होते. पुढे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथातील पतिपत्नींच्या विनयात त्यांनी सिगालाचा हाच उपदेश घेतला.

हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही. बाभुळगाव हा कापसाचा तालुका. निंदण आणि कापूस वेचणी येथे प्रामुख्याने बायांच्या हातची. पतीने मिळवावे आणि पत्नीने राखावे, ही सुत्तकालीन विभागणी येथे लागू पडत नाही; येथे मिळविणारी तीही आहे. अलीकडे सून शिकलेली हवी, कमावती हवी, अशी अपेक्षाही वाढली. पण सातबाऱ्यावर नाव कोणाचे? कर्ज किती घेतले, कापूस कोणत्या भावाने विकला, हे तिला विचारून ठरते काय? कायदा पुढे गेला आहे. बौद्धांनाही लागू असलेल्या १९५६च्या वारसा कायद्याने विधवेला वारस मानले. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला. १९९०च्या आसपास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती मोहिमेतून पत्नीच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले. तरीही कुटुंबाच्या व्यवहारात पळीची मर्यादा बऱ्याच अंशी टिकून आहे.

तिची किंमत सर्वांत जास्त कोण मोजते? २००६ साली केंद्र शासनाने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत यवतमाळ होता. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी हा जिल्हा देशाला माहीत झाला. पती गेल्यावर त्या घरातील स्त्रीने दुसऱ्या दिवसापासून कर्ज, फेरफार, बँक, पेरणी सारे सांभाळावे, अशी अपेक्षा असते. आदल्या दिवसापर्यंत जो अधिकार तिला दिला नाही, त्याचे ओझे मात्र तिच्यावर येते. वोस्सग्ग जिवंतपणी करावयाचा असतो. मृत्यूने सोडलेली सत्ता हा त्याग नव्हे.

म्हणून आमची सूचना एवढीच आहे. विवाहविधी लावणाऱ्या बौद्धाचार्यांनी चौथ्या प्रतिज्ञेपाशी क्षणभर थांबावे आणि ‘इस्सरिय’ म्हणजे दागदागिने नव्हे, स्वयंपाकघरही नव्हे, तर घर, शेती आणि पैसा यांवरील निर्णयाचा अधिकार, हे वराला स्पष्ट मराठीत सांगावे. वराने होकार द्यावा तो हे समजून द्यावा. वधूनेही आपल्याला कशाचे वचन मिळाले, हे त्याच मंडपात ऐकावे.