मुख्याध्यापिकेची वाणी

सावित्रीबाई फुले म्हटले, की अंगावर फेकलेले शेण आपल्याला आठवते. १८४८ पासून पुण्यात त्यांनी सांभाळलेली मुलींची शाळा तितकीशी आठवत नाही. सोसणारी स्त्री आपल्याला भावते, कारभार पाहणारी नाही. म्हणूनच त्यांचा १८५४ सालचा ‘काव्यफुले’ हा संग्रह वाचकांनी पुन्हा उघडावा. ‘शिकणेसाठी जागे व्हा’, ‘इंग्रजी शिका’ : शीर्षकेच आज्ञार्थी! काव्य म्हणून ती पद्ये रुक्ष खरीच; चाफ्याजाईवरील कविता अधिक रसाळ. परंतु स्त्रीने अक्षर गिरविणेही पाप मानले जाई, त्या काळी तेवीस वर्षांची शिक्षिका समाजाला आज्ञा करते आहे. हा आवाज कवयित्रीचा कमी, मुख्याध्यापिकेचा अधिक. कोरडा उपदेश म्हणून तो बाजूस सारला, की शेण तेवढे लक्षात राहते. शाळा पुन्हा विसरली जाते.