एक बटण, अनेक दिवे

राम गणेश गडकरी यांचे १९१९ च्या जानेवारीत सावनेरला निधन झाले. नाटककाराची ही आठवण जपणाऱ्या गावात घरातल्या दिव्यांच्या ‘सीन’विषयी लिहावे, हा योग बरा जुळला, कारण हा शब्द रंगभूमीवरूनच घरात आला आहे. नाटकात पुढच्या प्रवेशासाठी प्रत्येक दिव्याचा उजेड किती हवा, ते आधी ठरवून ठेवतात. प्रवेश बदलला की सगळे दिवे एकदम नव्या पातळीवर नेतात. स्मार्ट स्विचवरचे ‘जेवण’, ‘अभ्यास’, ‘रात्र’ हे सीन म्हणजे अशाच याद्या: कोणता दिवा, किती टक्के, कोणत्या छटेचा.

आमच्या सावनेरच्या घरी आम्ही हौसेने असे स्विच आणि बल्ब बसवून घेतले. पहिल्याच रात्री आईने जन्मभराच्या सवयीने बोर्डावरचे जुने बटण बंद केले. सकाळी सीनचे बटण दाबले, तर काहीच नाही. दोष कोणाचा? स्मार्ट बल्बमधल्या ग्राहकाला हुकूम ऐकण्यासाठी सतत वीज लागते. भिंतीवरच्या बटणाने ती तोडली की बल्ब बहिरा होतो. सोबतच्या माहितीपत्रकात रंगांची चित्रे बारा आणि या गोष्टीवर ओळ एकही नाही. आई म्हणाली, “बटन दाबलं त लाईट लागला पाहिजे, मले एवढंच समजते बाबू.” आमच्या मते या तंत्राची याहून नेमकी कसोटी नाही.

आता कल्पना कुठे चांगली आहे ते पाहू. मोठ्या इमारतींत वापरल्या जाणाऱ्या ‘डाली’ या पद्धतीत एका तारजोडीवर ६४ पर्यंत दिवे आणि १६ सीन असतात. प्रत्येक दिव्याचे नियंत्रक आपली पातळी स्वतःच्याच स्मृतीत ठेवते. बटण फक्त ‘सीन ३’ एवढेच सांगते. प्रत्येक दिवा आपल्या यादीत पाहून तेवढा लागतो. शाळेत शिक्षक ‘कवायत क्रमांक ३’ म्हणतात आणि प्रत्येक मूल आपली जागा घेते, तसेच हे. निरोप छोटा, स्मृती वाटलेली, बाहेरच्या कोणाची गरज नाही. याउलट काही स्वस्त वाय-फाय स्विचांत बटणाचा निरोप इंटरनेटवरून दूरच्या संगणकाकडे जातो आणि तेथून परत येतो. दोन हातांवरचा दिवा लावायला हा एवढा वळसा! नेट गेले की सीनही गेला.

दुसरा आक्षेप विजेचा. वाट पाहताना बल्ब अर्धा वॅट घेतो असे धरू. ९ वॅटचा बल्ब रोज ४ तास लावला, तर ३६ वॅट-तास खर्च होतात. उरलेल्या २० तासांत नुसते कान टवकारून बसण्यात १० वॅट-तास जातात. म्हणजे उजेडासाठी लागलेल्या विजेच्या पाव हिश्शाहून अधिक वीज अंधारातच संपते. याच तालुक्यात खापरखेड्याचे औष्णिक वीजकेंद्र आहे. तेथे कोळसा जळताना पाहणाऱ्यांना तरी हा हिशेब क्षुल्लक वाटू नये.

तरीही आम्ही स्विच काढून टाकलेले नाहीत. आईच्या उशाशी एक बटण ठेवले आहे. रात्री ते दाबले की न्हाणीघरापर्यंतची वाट दहा टक्के उजेडात दिसते. डोळे दिपत नाहीत, पाय अडखळत नाही. यासाठी मात्र मांडणी बदलावी लागली. बल्बला सतत वीज राहील आणि भिंतीवरचे बटण तार न तोडता फक्त निरोप देईल, असे केले. वीज जाऊन परत आल्यावर दिवे पूर्ण तेजाने न पेटता आधीच्याच स्थितीत राहतील, असे ठरवले. नाहीतर मध्यरात्री सारे घर लख्ख होते. सीन तीनच ठेवले आणि बटणांवर मराठीत नावे लिहिली.

वर्गात हे शिकवायला महागडी यंत्रे नकोत. जिन्यासाठी वापरतात ते दोन टू-वे स्विच, एक सेल आणि टॉर्चचा बल्ब घेऊन परिपथ जोडा. मुलांना विचारा: एका बटणाकडे पाहून दिवा चालू आहे की बंद, हे सांगता येईल का? येत नाही, दुसरे बटणही पाहावे लागते. मग चार मुलांना ‘दिवे’ करा, प्रत्येकाच्या हाती पातळ्यांची चिठ्ठी द्या आणि सीनचा क्रमांक पुकारा. मध्येच एका ‘दिव्याने’ आपली पातळी बदलली, तर तो सीन चालू आहे असे म्हणायचे का? बटणाने दिलेला हुकूम आणि दिव्याची प्रत्यक्ष स्थिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांच्या ध्यानात येईल. माहितीपत्रक लिहिणाऱ्याच्या ते आले असते, तर आमची ती सकाळ अंधारात गेली नसती.