ॲरिस्टॉटलशिवाय ग्रहण

ग्रहणाची धमकी ही साहसकथांमधली जुनी युक्ती. गोरा नायक 'रानटी' लोकांच्या तावडीत सापडतो, त्याला नेमकं आठवतं की आज सूर्यग्रहण आहे, आणि तो बजावतो: मला सोडा, नाहीतर सूर्य विझवतो. 'टिनटिन'च्या पेरूमधल्या गोष्टीत इंका असेच फसतात. सूर्याला देव मानणाऱ्यांना सूर्याचंच वेळापत्रक ठाऊक नसेल, हे आपण लहानपणी मुकाट्याने मान्य करतो.

ग्वाटेमालाचा लेखक आउगुस्तो मोंतेरोसो याने १९५९च्या संग्रहातल्या 'ग्रहण' या जेमतेम पानभराच्या कथेत ही युक्ती तिच्या मालकावरच उलटवली. जंगलात वाट चुकलेला स्पॅनिश धर्मगुरू माया लोकांच्या हाती लागतो. ॲरिस्टॉटल वाचलेला असल्यामुळे तो ग्रहणाची धमकी देतो. दोन तासांनी त्याचा बळी गेलेला असतो, आणि एक माया माणूस शांतपणे पुढच्या ग्रहणांच्या तारखा म्हणत असतो. ना आरडाओरडा, ना सूडाची भाषा. कथेचा खरा मार त्या थंड आवाजात आहे.

ती यादी लेखकाच्या कल्पनेतली नाही. ग्वाटेमालातच वाशाक्तून इथे पश्चिमेच्या पिरॅमिडवरून समोरच्या तीन इमारतींकडे पाहिलं, की वर्षभरात सूर्योदय उत्तर-दक्षिण कसा सरकतो ते कळतं. असं पिढ्यानपिढ्या पाहून, मोजून ३६५ दिवसांचं वर्ष आणि २६० दिवसांचं पवित्र चक्र एकमेकांत गुंफलं गेलं. ड्रेस्डेनला असलेल्या माया हस्तलिखितात ग्रहणांचा तक्ता आहे: ४०५ चांद्रमास, म्हणजे ११,९६० दिवस, म्हणजेच २६०ची बरोब्बर ४६ चक्रं.

पण इथेच कथेशी माझं भांडण आहे. हा तक्ता सांगतो तो धोक्याचे दिवस, म्हणजे ज्या अमावास्यांना ग्रहण होऊ शकतं ते. त्यातलं प्रत्येक ग्रहण माया प्रदेशातून दिसेलच, अशी हमी तो देत नाही. 'या दिवशी सावध राहा' असं म्हणणारं हे ज्ञान आहे. मोंतेरोसो त्याला अचूक भविष्यवाणी करून टाकतो, कारण धर्मगुरूवर मात करायला त्याला तसलंच हत्यार हवं. खेळ तोच राहतो, फक्त जिंकणारा बदलतो. शिवाय बळीचा दगड आणि रक्त, हे युरोपने रंगवलेलं मायांचं चित्रही जागच्या जागी राहतं.

तरीही ही कथा वाचाच. १५६२ साली मानी गावात दिएगो दे लांदा या धर्मगुरूने मायांचे ग्रंथ जाळले. आज त्यांची फक्त चार हस्तलिखितं उरली आहेत. हे माहीत असलं, की शेवटी तोंडपाठ म्हटली जाणारी ती यादी वेगळीच ऐकू येते. कागद जाळता येतो. पाठ असलेलं जाळायला मात्र म्हणणारी माणसंच संपवावी लागतात.