जॅमिंगचा चोर आणि गणिताची जागल

पीक हाताशी आले की वऱ्हाडात रात्रीची जागल आलीच. अमरावती-अकोल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा: राखणदाराची फेरी रोज ठरल्या वेळी होत असेल, तर चोर ती वेळ चुकवूनच येणार. फेरी अवेळी हवी. बिनतारी जाळ्यांतील ‘जॅमिंग’बद्दल गेम थिअरी, म्हणजेच खेळ-सिद्धांत, हेच सांगतो. मात्र ‘खेळ-सिद्धांताने जॅमिंग ओळखता येते’ असे जे सरसकट लिहिले जाते, ते आम्हांला मान्य नाही.

समजा, अकोल्याजवळच्या कपाशीच्या शेतात जमिनीतली ओल मोजणारे यंत्र रेडिओलहरींवरून आकडे पाठवते आहे. कोणी मुद्दाम त्याच कंप्रतेवर गोंगाट सोडला, तर आकडे पोचत नाहीत. हे जॅमिंग. पण बॅटरी उतरली किंवा अंतर वाढले, तरीही आकडे पोचत नाहीत. मग चोर ओळखायचा कसा? अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात वेन्युआन शू आणि सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवले, की संदेश पोचण्याचे प्रमाण आणि संकेताची तीव्रता या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्यात. संकेत जोरदार असूनही संदेश पोचत नसतील, तर संशयाला जागा आहे. ओळख पटते ती अशा मोजमापाने.

खेळ-सिद्धांताचे काम वेगळे. तपासणीलाही बॅटरी खर्च होते. तेव्हा ती किती वेळा करावी, हे तो सांगतो. जॅमर न सापडल्यास त्याला २ गुणांचा फायदा, सापडल्यास ३ गुणांचा दंड, आणि तपासणी झाली की तो सापडतोच, असे धरू. तपासणीची संभाव्यता ‘प’ असेल, तर २(१ − प) = ३प, म्हणून प = ०.४. दहांपैकी चार वेळा तपासले की जॅमरचा सरासरी फायदा शून्यावर येतो. आता २ ऐवजी ७ घ्या. उत्तर ०.७ येते!

आमचा आक्षेप येथेच आहे. उत्तर चोराच्या मनातल्या आकड्यांवर ठरते, आणि ते आकडे आपण केवळ गृहीत धरलेले असतात. शिवाय चोर हिशेब करतो. पिकात शिरणारा रोही करत नाही, आणि कडाडणारी वीज तर मुळीच नाही.

म्हणून हा सिद्धांत टाकाऊ ठरत नाही. पहारा अनियमित का असावा, हे तो चोख पटवतो. शिक्षकांनी वरचे गणित वर्गात जरूर घ्यावे. फक्त उत्तर आल्यावर मुलांना एक प्रश्न विचारावा: हा २ आपण आणला कोठून?