एका मुलामागे खर्च किती? आधी छेद बघा

शालेय शिक्षणावर संशोधनाचा आराखडा लिहायला बसलात, की पहिल्या चार पानांत एक आकडा हमखास येतो: दर विद्यार्थी खर्च. एकूण खर्च भागिले मुलं. भागाकार इतका सोपा, की त्याला कोणी प्रश्नच विचारत नाही. माझ्या पहिल्या आराखड्यातही असा तक्ता होता आणि त्याखाली 'सरकारी शाळा महाग पडतात' असं वाक्य मी बिनदिक्कत लिहिलं होतं. ते वाक्य नंतर का खोडावं लागलं, ते सांगते.

एक कल्पित शाळा घ्या. जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, पट १२. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. दोघांचा पगार प्रत्येकी महिना ७०,००० धरू. वर्षाचे झाले १६,८०,०००. भागिले १२, म्हणजे एका मुलामागे १,४०,००० रुपये. आता यातलं एक मूल तालुक्याच्या इंग्रजी शाळेत गेलं. पट ११. सरकारने एक रुपयाही जास्त खर्च केला नाही, पण दर विद्यार्थी खर्च झाला सुमारे १,५२,७०० रुपये. उलट पट ४० असता, तर त्याच पगारात तो ४२,००० आला असता. आकडा हलला तो छेदामुळे. अंश जागचा हललाही नाही.

आता अंश हलवून बघू. याच शाळेत एक पद रिक्त आहे आणि दुसऱ्या पदावर शिक्षणसेवक आहे, असं समजा. प्राथमिक शिक्षणसेवकाचं मानधन २०२३ मध्ये ६,००० वरून १६,००० झालं. वर्षाचे १,९२,०००, भागिले १२, म्हणजे एका मुलामागे १६,००० रुपये. तक्त्यात ही शाळा एकदम 'काटकसरी' दिसेल. प्रत्यक्षात एकच नवखा शिक्षक चार इयत्ता एकत्र सांभाळतोय आणि त्याला तालुक्याला बैठकीला बोलावलं, की शाळेला कुलूप. म्हणजे आपल्या तक्त्यात सर्वांत स्वस्त शाळा ती, जिथे मुलांना सर्वांत कमी मिळतं. ज्या मोजमापात अभाव आणि काटकसर सारखेच दिसतात, त्यावरून कार्यक्षमतेचा निष्कर्ष काढायचा नसतो.

आणि जिथे पगार पूर्ण आहे, तिथेही तो सगळा शिकवण्याचा खर्च असतो का? कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण ही कामं शिक्षकांना देता येतात. ते दिवसही आपण मुलांच्याच नावावर मांडतो.

आता या भागाकाराचा उपयोग कुठे होतो, ते बघा. २०२३ मध्ये महाराष्ट्रात २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढण्याची चर्चा जोरात होती. तेव्हा समोर आलेले आकडे साधारण असे: शाळा १५ हजाराच्या आसपास, मुलं १.८५ लाख, शिक्षक जवळपास ३० हजार. म्हणजे शाळेत सरासरी १२ मुलं आणि एका शिक्षकामागे सहा. हे ऐकल्यावर कोणीही म्हणेल, 'परवडणार कसं?'

पण हा '१२ पट' दोन अगदी वेगळ्या गावांतून येतो. एक पाडा असा, जिथे मुळात मुलंच १२ आहेत. मध्ये ओढा, पावसाळ्यात रस्ता बंद, आणि प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असं नियम सांगतो, म्हणून ती तिथे आहे. दुसरं गाव असं, जिथे मुलं ७० आहेत, पण ५८ जण सकाळी व्हॅनमध्ये बसून खासगी शाळेत जातात. पहिल्या शाळेचा खर्च ही अंतराची किंमत आहे. दुसऱ्या शाळेचा खर्च ही पालकांचा विश्वास गेल्याची किंमत आहे. पहिली बंद केली तर मूल शाळेपासून तुटतं. दुसरीत विचारायचा प्रश्न हा, की ५८ का गेले. दर विद्यार्थी खर्चाच्या रकान्यात मात्र दोन्ही शाळा एकाच ओळीत येतात.

शिवाय शाळा बंद केली म्हणजे ते १६,८०,००० वाचले, असं होत नाही. कायम शिक्षक घरी जात नाहीत, त्यांचं समायोजन होतं. पगार दुसऱ्या शाळेच्या हिशेबात जातो. त्या शाळेत रिक्त पद असेल तर नवी भरती टळते, तेवढी खरी बचत. त्यातून मुलांच्या वाहतुकीचा खर्च वजा करा. जे पैसे सरकारऐवजी आईबाप भरतील, ते बचत म्हणून मोजायचे नाहीत. अर्थशास्त्रात तुम्ही सरासरी खर्च आणि सीमांत खर्च यांतला फरक शिकलात. शाळा ठेवायची की मिटवायची हा सीमांत खर्चाचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर आपण सरासरीवरून देत सुटतो.

आता दुसरी बाजू. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांवर खासगी शाळेत मूल गेलं, की सरकार त्या शाळेला प्रतिपूर्ती देतं. कलम १२(२) प्रमाणे राज्याचा दर बालक खर्च किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यांपैकी जे कमी असेल ते. महाराष्ट्रात हा दर १७,६७० रुपये ठरला होता. कोरोनाकाळात तो ८,००० वर आणला गेला. त्या काळात सरकारी शिक्षकांचे पगार काही निम्मे झाले नव्हते.

हा १७,६७० चा आकडा छोट्या शाळांच्या आकड्यांशेजारी ठेवा. एका शिक्षकामागे सहा मुलं, म्हणजे वर्षाला सुमारे १,०६,०००, महिन्याला नऊ हजारांच्या खाली. एवढ्यात शिक्षणसेवकाचं मानधनही निघत नाही. ही तुलना छोट्या शाळांची झाली, राज्याच्या सरासरीची नाही, हे मान्य. मग कायद्याचं ३० मुलांचं प्रमाण धरा. महिन्याला ४४,१७५ रुपये होतात. त्यात एका अनुभवी शिक्षकाचा पगार बसत नाही. पुस्तकं, वीज, पोषण आहार दूरच. थोडक्यात, पैसे द्यायचे असतात तेव्हा मूल स्वस्त, शाळा मिटवायची असते तेव्हा तेच मूल महाग. राज्य एकच, आकडे दोन, आणि कोणता कधी बाहेर काढायचा हे गरज ठरवते.

इथे एक प्रामाणिक हरकत ऐकली पाहिजे. अर्थतज्ज्ञ गीता गांधी किंगडन यांनी २०१७ च्या आपल्या आढाव्यात, भारतातल्या सरकारी शाळा रिकाम्या होत चालल्याने तिथला दर विद्यार्थी खर्च वाढतोय आणि त्या तुलनेत खासगी शाळा पैशाचं मोल जास्त देतात, असा युक्तिवाद केला. तो झटकून टाकण्यासारखा नाही. छेद लहान झाला म्हणून खर्च खोटा ठरत नाही, पैसे खरोखर जातातच. आणि सहा मुलांच्या वर्गात सोबतीने शिकणं होत नाही, ही शैक्षणिक अडचणही खरीच. पण खासगी शाळेची कमी फी बहुतांशी शिक्षकांच्या कमी पगारातून येते. म्हणून ही तुलना शिकवण्याच्या कार्यक्षमतेपेक्षा वेतनाची जास्त होते. शिवाय फीत व्हॅन, गणवेश, वह्या-पुस्तकं धरलेली नसतात. सरकारी शाळेच्या खर्चात पुस्तकं आणि जेवण धरलेलं असतं.

मग हा आकडा वापरायचाच नाही का? वापरा की. पण नुसता वापरू नका. तुमच्या तक्त्यात खर्चाशेजारी चार रकाने वाढवा: मंजूर पदं, भरलेली पदं, गावातली शाळेच्या वयाची एकूण मुलं आणि जवळच्या दुसऱ्या शाळेचं अंतर. पदांची माहिती संचमान्यतेत मिळते, पट यू-डायसमध्ये. तिसरा रकाना कोणत्याही पोर्टलवर जसाच्या तसा मिळत नाही. त्यासाठी गावात जावं लागतं, अंगणवाडीची नोंदवही बघावी लागते, सकाळी व्हॅनमध्ये किती मुलं चढतात ते उभं राहून मोजावं लागतं. मी माझ्या तक्त्यात हा रकाना घातला आणि 'सरकारी शाळा महाग पडतात' हे वाक्य खोडलं. त्याच्या जागी आता प्रश्न आहे: कोणती शाळा, कशामुळे, आणि ती मिटवली तर तो खर्च कोणाच्या खिशात जाईल?

तोंडी परीक्षेत तुम्हाला 'एका मुलामागे खर्च किती?' असं विचारलं, तर आकडा सांगण्याआधी विचारा, 'सर, भागिले कोण?'